लग्नाचं संगीत ठरवताना या चुका टाळा (बडोदेकरांसाठी)

लग्नाची गाणी निवडायला घरातली सगळी पोरंसोरं हौसेनं बसतात. पण कोणतं गाणं कोणत्या विधीला, किती मिनिटं आणि कोणाच्या इशाऱ्यावर, हे कागदावर कोणी उतरवत नाही. ऐन वेळी विचका होतो तो बहुधा यामुळेच. म्हणून आधी गुरुजींकडून दिवसभराचा क्रम वेळेसकट लिहून घ्या, मगच गाण्यांकडे वळा.

मंगलाष्टकं मुहूर्त ओलांडतात

सर्वांत मोठा घोळ इथे होतो. शार्दूलविक्रीडित वृत्तातलं एक कडवं संथ चालीत म्हटलं तर जवळपास मिनिटभर चालतं. गुरुजी तेच पठणाच्या लयीत अर्ध्या मिनिटात म्हणतात. मावशी, आत्या आणि काकू यांनी दोन्ही घरची नावं गुंफून प्रत्येकी दोन कडवी रचली, की सहा मिनिटं तिथेच गेली. त्यामुळे मुहूर्तापासून उलटं मोजा. मुहूर्त 12.24 चा आणि कडवी एकूण आठ असतील, तर 12.14 ला अंतरपाट धरलेला हवा. घरच्यांची कडवी आधी घ्या आणि शेवटची दोन गुरुजींकडे ठेवा. वेळ पुढेमागे झाली तर लय बदलून ते सांभाळून घेतात.

‘सावधान’ कानावर पडलं की ताशेवाल्याचा हात उठतोच. मग पुढच्या कडव्याची पहिली ओळ त्या गजरात बुडते. ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ म्हणून झाल्यावर अंतरपाट खाली आला की मगच वाजवायचं, हे वाजंत्र्यांना आदल्या दिवशी सांगा. अक्षता टाकायला उठलेल्या गर्दीत त्यांना गुरुजी दिसत नाहीत. त्यांना सरळ दिसेल असा घरचा एक माणूस उभा करा आणि इशारा फक्त त्यानेच द्यायचा.

सूर जुळत नाहीत

बायका साधारण हार्मोनियमच्या काळी चार किंवा काळी पाच या पट्टीत गातात, पुरुष काळी एकच्या आसपास. मावशी एका पट्टीत, काका दुसऱ्या आणि मागे सनई तिसऱ्याच, असं झालं की उत्तम गळेही बेसूर वाटतात. सनईची पट्टी त्या वाद्याच्या लांबीवर ठरलेली असते. कसलेला वादक फुंकेनं सूर थोडा वरखाली करतो, पण सबंध पट्टी बदलायची तर दुसरी सनई लागते. म्हणून मंगलाष्टकं चालू असताना सनई थांबवा. गाणाऱ्यांसाठी फक्त तंबोऱ्याचं ॲप लावा आणि एका पट्टीतले गाणारे सलग घ्या. हार्मोनियमची साथ हवी असेल तर बडोद्यात ती मिळणं अवघड नाही. सयाजीरावांनी 1886 साली सुरू केलेली गायनशाळा आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे आणि तिथे शिकलेले वादक गावात पुष्कळ आहेत.

सनईचं रेकॉर्डिंग लावणार असाल तर वेळ बघून राग निवडा. सकाळी भैरव किंवा तोडी, दुपारच्या मुहूर्ताला वृंदावनी सारंग, गोरज मुहूर्ताला पूरिया धनाश्री आणि रात्री बागेश्री. पाहुणे यायच्या वेळी भैरवी लावू नका. तिने मैफल संपते, त्यामुळे जाणकार ज्येष्ठांना ती सुरुवातीलाच खटकते. प्रत्यक्ष वादक बोलावले असतील तर त्यांना पंधरा मिनिटं आधी बसू द्या. सनईची पत्ती ओली होऊन तयार व्हावी लागते. मे महिन्यातल्या कोरड्या उन्हात किंवा एसी हॉलमध्ये ती लवकर सुकते आणि मग सूर फाटतो.

माइक शिट्टी मारतो

कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: स्पीकर माइकच्या मागे किंवा माइककडे तोंड करून ठेवलेला असतो. स्पीकर गुरुजींच्या पुढे, पाहुण्यांकडे तोंड करून ठेवा. माइक तोंडापासून चार बोटांवर धरला की आवाज वाढवावा लागत नाही आणि शिट्टीही येत नाही. होमाच्या वेळी गुरुजींना कॉलर माइक द्या, त्यात नवे सेल घाला आणि एक जादा जोडी जवळ ठेवा.

गाणी मोबाइलवरून ब्लूटूथनं लावणं ही हमखास फसगत. मध्येच कोणाचा तरी फोन येतो, नाहीतर जाहिरात वाजते. गाणी पेनड्राइव्हवर 01, 02 असे आकडे देऊन विधीच्या क्रमानं भरा आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवर तीच प्रत ठेवा. फोनच वापरायचा असेल तर गाणी आधी उतरवून घ्या, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायरनं जोडा. प्रत्येक गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत ऐका. ठेका उडता आणि शब्द मात्र ताटातुटीचे, अशी गाणी हळदीच्या यादीत सहज घुसतात.

गरबा सुरू होतो तोच बंद करायची वेळ येते

रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. बंद सभागृहाला सूट आहे, पण पार्टी प्लॉट उघडाच असतो. नवरात्रातली सवलत लग्नाला लागू होत नाही. आमंत्रण आठचं, मग जेवणं, म्हणजे पहिला गरबा साडेनऊला. दोन तास खेळायचं असेल तर साडेसातला सुरुवात करा आणि जेवण मागे ठेवा.

व्याही गुजराती असोत वा मराठी, बडोद्याची माणसं गरब्याच्या बाबतीत चोखंदळ असतात. पहिल्याच गाण्याला सिनेमाची धडधड लावली की काकू-मामी वर्तुळातून बाहेर पडतात. दोन टाळीच्या संथ गरब्यानं सुरुवात करा, मग तीन टाळी, आणि लय वीसेक मिनिटांत हळूहळू चढवा. ढोल आणि गायक प्रत्यक्ष असतील तर फारच छान. बजेट कमी असेल तर डीजेचे दिवे कमी करा, ढोलवाला ठेवा.

वरातीचा रस्ता

इस्पितळ, शाळा आणि कोर्टाभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र असतं. सयाजी हॉस्पिटलच्या बाजूनं वरात जाणार असेल तर तेवढा पट्टा वाद्यं बंद ठेवूनच ओलांडायचा. बँडवाल्याला ही जागा आधी नेऊन दाखवा. नुसतं सांगितलेलं नाचाच्या भरात कोणाच्या लक्षात राहत नाही. मांडवीच्या आसपासच्या अरुंद गल्ल्यांत आवाज भिंतींवर आपटून दुप्पट वाटतो. तिथे डीजेची गाडी नकोच, सनई-ताशा पुरेसा होतो.

परवान्याची भीती

लग्नविधी, वरात आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभात गाणी वाजवायला कॉपीराइट परवाना लागत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52(1)(झेडए) मध्ये तशी सूट आहे आणि केंद्र सरकारनं जुलै 2023 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. हॉलवाल्यानं पैसे मागितले तर हे कलम दाखवा. लग्नाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकणं मात्र या सवलतीत येत नाही. त्यातलं सिनेमाचं गाणं ओळखलं जाऊन आवाज बंद होऊ शकतो. म्हणून व्हिडिओवाल्याला साउंडच्या मिक्सरमधून थेट वायर द्यायला सांगा आणि मंगलाष्टकांचं रेकॉर्डिंग वेगळ्या फाइलमध्ये मागून घ्या.