बोली जिंकली, पण खरेदीदार गप्प: लिलाव लावण्याआधी करायची तयारी

सर्वांत मोठी बोली लावून लॉट, म्हणजे लिलावात एका क्रमांकाखाली विकायला ठेवलेला माल, जिंकणारा पुढे पैसेही भरत नाही आणि निरोपालाही उत्तर देत नाही, हा अनुभव ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर टपाल तिकिटे विकणाऱ्याला केव्हा ना केव्हा येतोच. अशा वेळी काय करायचे हे त्याच वेळी ठरवायला बसू नये, कारण तेव्हा मन चिडलेले असते आणि रागाच्या भरात पाठवलेला निरोप परत घेता येत नाही. पुढील सर्व तयारी लॉट लावण्यापूर्वीच झालेली असावी.

पहिले काम वर्णनाचे. पैसे किती दिवसांत भरायचे, कोणत्या देशांत पाठवणार, टपालखर्च किती आणि एकाहून अधिक लॉट घेतल्यास तो एकत्र कसा आकारणार, हे चार मुद्दे प्रत्येक लॉटच्या वर्णनात स्पष्ट लिहावेत. यांतला शेवटचा मुद्दा मी स्वतः पूर्वी वगळत असे. न्यूझीलंडच्या एका वयस्कर संग्राहकांनी एकाच आठवड्यात माझे तीन लॉट जिंकले आणि नंतर ते अगदी गप्प झाले. मी पाचव्या दिवशी तिन्ही व्यवहार रद्द करून मोकळा झालो, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे पत्र आले की आपण तिन्ही लॉटचे मिळून एक बिल कधी येते याची वाट पाहत होतो. अनेक लॉट घेणारा जुना ग्राहक एकत्रित बिलाशिवाय पैसे भरत नाही, हे मला माहीत असायला हवे होते. तेव्हापासून मौन म्हणजे फसवणूक असे धरून न चालता मी आधी स्वतःचीच बाजू तपासतो: बिल गेले आहे का, खरेदीदाराच्या देशाचा टपालखर्च भरलेला आहे का, त्याचा एखादा प्रश्न निरोपांच्या पेटीत न वाचलेला पडला आहे का.

दुसरे काम खात्याच्या सेटिंगचे. पूर्वी पैसे न भरल्याची नोंद असलेल्या किंवा आपण जेथे माल पाठवत नाही त्या देशांतील लोकांना बोली लावण्यापासून रोखण्याची सोय ईबेवर आहे. ती चालू करून ठेवावी. एका व्यवहारात त्रास दिलेल्याचे युजरनेम प्रतिबंधित यादीत टाकता येते. चार मिनिटांचे हे काम पुढचे कितीतरी त्रास वाचवते.

तिसरे काम तारखांचे. लॉटचा लिलाव संपला की माल ग्लासीनच्या, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागदाच्या, पाकिटात घालून वर लॉट क्रमांक, खरेदीदाराचे युजरनेम आणि लॉट संपल्याची तारीख पेन्सिलने लिहावी व ते पाकीट विक्रीच्या इतर मालापासून वेगळे ठेवावे. ईबेवर पैसे भरण्यास ४ दिवसांची मुदत असते आणि पाचव्या दिवसापासून विक्रेत्याला व्यवहार रद्द करता येतो. हे दिवस मोजताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की ईबेची अधिकृत वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची आहे आणि आपण त्या वेळेच्या उन्हाळ्यात साडेबारा व हिवाळ्यात साडेतेरा तास पुढे असतो. आपल्याकडे मुदत संपलेली दिसते तेव्हा तिकडे ती अजून चालू असते.

चौथे काम निरोपांचे मसुदे. तीन पुरतात. पहिला बिलासोबत जाणारा, अभिनंदनाचा आणि रकमेचा. दुसरा तिसऱ्या दिवशीचा, ज्यात टपालखर्चाबाबत काही शंका असल्यास विचारावी एवढेच म्हणावे. तिसरा पाचव्या दिवशीचा, ज्यात व्यवहार कोणत्या तारखेला रद्द होईल हे सांगावे. सर्व निरोप संकेतस्थळाच्याच पेटीतून पाठवावेत, म्हणजे नोंद राहते. ‘वाईट शेरा देईन’ अशी धमकी कोणत्याही मसुद्यात नको. २००८ पासून ईबेवर विक्रेत्याला खरेदीदाराविषयी चांगलाच शेरा देता येतो, त्यामुळे अशा धमकीला काही अर्थ उरलेला नाही. गप्प बसलेला खरेदीदार एकदम उगवून बाहेरच्या बाहेर पैसे पाठवण्याची भाषा करू लागला, किंवा पैसे भरल्याची ईमेल दाखवू लागला, तर आपल्या खात्यात व्यवहाराची स्थिती काय दिसते तेवढेच पाहावे आणि त्याच्या ईमेलवर विसंबू नये.

रद्द करताना कारण नीट निवडावे. ‘खरेदीदाराने पैसे भरले नाहीत’ हेच कारण द्यावे. घाईत ‘माल शिल्लक नाही’ निवडले तर दोष आपल्याच खात्यावर चढतो, आणि ‘खरेदीदाराच्या विनंतीवरून’ निवडले तर त्याच्या न भरण्याची नोंद होत नाही.

त्यानंतर प्रश्न येतो दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीचा, आणि येथे मी थोडा थांबतो. हरलेल्या व्यक्तीला तिच्याच बोलीच्या किमतीत माल देऊ करण्याची सोय आहे. पण पहिला व्यवहार रद्द होण्याआधी हा प्रस्ताव पाठवू नये. एकच तिकीट आणि पैसे भरलेले ग्राहक दोन अशी पंचाईत होते. शिवाय बोलींचा इतिहास पाहावा. समजा, लॉट ६२ डॉलरला गेला, दुसरी बोली ६१ ची आणि तिसरी ३५ ची आहे. दुसऱ्या माणसाची बोली ६१ पर्यंत चढली ती पळून गेलेल्या माणसाच्या चढाओढीमुळेच, हे अनुभवी संग्राहकाला लगेच दिसते, आणि विक्रेत्यानेच खोटी बोली लावली असावी असा संशय त्याला येतो. असे असेल तर मी प्रस्ताव न पाठवता लॉट पुन्हा लावतो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या संग्राहक गटात लिलाव करणाऱ्यांसाठी ही यंत्रणा नसते, म्हणून नियम गटावर आधीच पिन करून ठेवावेत आणि प्रत्येक बोली लावणाऱ्याचा पत्ता व दुसरा संपर्क क्रमांक घ्यावा. १९३० च्या मालविक्री कायद्याचे ५४ वे कलम येथे वाचून ठेवण्यासारखे आहे: पैसे न मिळालेल्या विक्रेत्याने माल पुन्हा विकण्याचा इरादा खरेदीदाराला कळवला आणि तरीही वाजवी मुदतीत पैसे आले नाहीत, तर त्याला माल विकता येतो व तोटा मागता येतो, न कळवता विकल्यास तोटाही मागता येत नाही आणि वर मिळालेला नफा पहिल्या खरेदीदाराचा ठरतो. पाचशे रुपयांच्या तिकिटासाठी कोणी कोर्टात जात नाही हे खरे, पण तारीख घातलेला एक निरोप गटातला वाद पुष्कळदा तिथेच मिटवतो.

खरेदीदाराने पैसे भरले असतील आणि मग तो गप्प असेल, तर वाट पाहू नये. व्यवहारात दिलेल्या पत्त्यावर ट्रॅकिंग असलेल्या टपालाने माल पाठवून पावती जपावी.

शेवटी ते वेगळे ठेवलेले पाकीट. पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, ग्लासीन ओल धरते आणि न वापरलेल्या तिकिटाचा गोंद त्याला चिकटतो. म्हणून पुन्हा लावण्यापूर्वी पाकीट उघडून तिकीट चिमट्याने उलटवावे, मागची बाजू जुन्या फोटोशी ताडून पाहावी, आणि गोंदावर नवा डाग आला असल्यास फोटो व वर्णन दोन्ही बदलून मगच लॉट लावावा.