बालगृहात छळाची तक्रार आली, तर या चुका टाळा

"ताई, आधी आमची आम्ही चौकशी करतो, तथ्य निघालं तर कळवतो." बालगृहांच्या तपासणीसाठी मी बरीच वर्षं फिरले, आणि हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलं की आता ते कानावर आलं तरी धडकी भरते. बोलणारी माणसं बहुतेक वेळा वाईट नसतात. संस्थेचं नाव जाईल, नोंदणी रद्द होईल, चाळीस मुलं उघड्यावर पडतील, या धास्तीने ती थांबतात. नोंदणीला खरा धोका इथूनच सुरू होतो.

पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तथ्य शोधायचं काम त्यांचं. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्हेतूने कळवलं आणि पुढे आरोप टिकला नाही, तर कळवणाऱ्यावर काहीही कारवाई होत नाही. हे अनेक अधीक्षकांना ठाऊकच नसतं.

अशी 'आमची चौकशी' कशी होते, ते एका संस्थेच्या कागदांतून समजलं. ऑफिसात अधीक्षक, शेजारी काळजीवाहक, समोर दहा वर्षांची मुलगी. "सांग, दादांनी काय केलं?" दादा तिथेच बसलेले. मुलगी "काही नाही" म्हणाली. रजिस्टरात नोंद झाली, 'तक्रार निराधार'. पुढे पोलिसांनी पहिल्यांदा ताब्यात घेतलं ते हेच रजिस्टर. कायद्याने मुलाचा जबाब त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने, आणि तोही गणवेशाविना.

संशयित कर्मचाऱ्याकडून गुपचूप राजीनामा घेणं मला सर्वांत घातक वाटतं. तो पुढच्या गावातल्या बालगृहात रुजू होतो, आणि तुमच्या अनुभव प्रमाणपत्रावर होतो. तक्रार करणाऱ्या मुलाला घाईघाईने घरी किंवा दुसऱ्या संस्थेत धाडणं हीदेखील चूकच. मूल हलवायचं तर बाल कल्याण समितीचा, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीचा आदेश हवा.

आता नोंदणीचं. बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ खाली ती पाच वर्षांसाठी मिळते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यात जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस लागते. कायद्याने ठरवून दिलेल्या पुनर्वसनाच्या सेवा संस्था देत नसेल, तर शासन नोंदणी रोखू किंवा रद्द करू शकतं. शिवाय तपासणी पथक तीन महिन्यांतून एकदा तरी येतं, त्यात किमान एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असतो. पथक आलं की मुलांशी एकट्याने बोलू द्या. २०१८ मध्ये मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातला अत्याचार उजेडात आला तो मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' पथकाच्या पाहणीतून. कागदांवर न थांबता ते मुलींशी बोलले होते.

फॉस्टर केअरच्या, म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांना अशी पाच वर्षांची नोंदणी नसते. तिथे बाल कल्याण समितीने दरमहा भेट द्यायची, आणि काळजीत कसूर दिसली तर मूल दुसऱ्या कुटुंबाकडे जातं.

एक साधी गोष्ट बहुतेक संस्था चुकवतात: मुलांची सूचना पेटी. बाल न्याय कायद्याच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे ती ऑफिसपासून दूर, मुलांच्या खोल्यांजवळ हवी, किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे, आणि ती दर आठवड्याला बाल समितीच्या, म्हणजे संस्थेतल्या मुलांच्याच समितीच्या, सदस्यांसमोर उघडायची. एका ठिकाणी ती ऑफिसच्या दाराशी टांगलेली होती आणि किल्ली अधीक्षकांच्याच जुडग्यात. दोन वर्षांत एक चिठ्ठी नाही. पेटी जिन्याखाली हलवली, किल्ली काढून घेतली. तिसऱ्या आठवड्यात वहीच्या फाडलेल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी निघाली: 'रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा.' दिवा त्याच रात्री लागला. तो का हवा होता, हे मुलांशी बोलून समजून घ्यायला दुसऱ्या दिवशी सकाळी समुपदेशक बाई आल्या.