तयार पफ पेस्ट्री शीटचे पॅटिस आणि ओव्याच्या काड्या

बेकरीसारखे पॅटिस घरी होत नाहीत, असा आपल्याकडे पक्का समज आहे. त्यातलं खरं कष्टाचं काम थरांचं. मैद्याच्या पोळीत लोणी किंवा मार्गारिन गुंडाळायचं, लाटायचं, घडी घालायची, गार करायचं, पुन्हा लाटायचं. तयार शीटमध्ये हे सगळं झालेलं असतं. सांगली, मिरज, साताऱ्यातल्या मोठ्या दुकानांच्या फ्रीझरमध्ये ती शोधा. नाही मिळाली तर ओळखीच्या बेकरीत खारीचं कच्चं पीठ मिळेल का, ते आदल्या दिवशी विचारून ठेवा.

शीट रात्री फ्रीझरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवा. ओट्यावर ठेवून घाईने मऊ करू नका. थरांमधलं लोणी घट्ट असेल तोवरच थर वेगळे राहतात. ओव्हनमध्ये पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती एकेक थर वर उचलते. लोणी आधीच वितळून मैद्यात मुरलं, तर पापुद्रे सुटतच नाहीत. म्हणून सांगलीच्या उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर करावं, आणि शीट बोटांना चिकटायला लागली की सरळ दहा मिनिटं फ्रीजमध्ये टाकावी. साताऱ्याच्या थंडीत मात्र निवांत करता येतं.

सारण आदल्या दिवशीच करून गार करा. बारा पॅटिससाठी तीन मध्यम बटाटे उकडून कुस्करा. तेलात जिरं, हळद, बारीक चिरलेला कांदा परता, अर्धी वाटी वाफवलेले मटार आणि दीड चमचा घरचा कांदा-लसूण मसाला घाला. मसाल्यात मीठ असतंच, तेव्हा वरचं मीठ चव बघून. सगळं एकत्र करून कढईला चिकटेनासं होईपर्यंत परता. मला यात तासगावचे थोडे बेदाणे आवडतात; तिखटात मधूनच गोड दाणा लागतो. पनीर-सिमला मिरची किंवा मका-चीजही चालेल, पण टोमॅटो नको. ओलं सारण तळ भिजवतं आणि खालचा थर कच्चा राहतो.

ओव्हन 200 अंशांवर किमान पंधरा मिनिटं आधी तापवा. ओटीजी असेल तर वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवा आणि ट्रे मधल्या खणात लावा.

शीटचे साधारण 10 सेंटिमीटरचे चौकोन धारदार सुरीने, वरून खाली एका दाबात कापा. करंजीचं कातण इथे वापरू नका. ते कडा दाबून चिकटवतं आणि तिथलं पीठ फुलत नाही. चौकोनाच्या मध्यावर चमचाभर सारण ठेवा, दोन कडांना पाण्याचं बोट लावा, त्रिकोणी घडी घाला आणि कडेपासून जरा आत हलकं दाबा. वर सुरीच्या टोकाने वाफेसाठी एक छेद द्या. बटर पेपर घातलेल्या ट्रेमध्ये मांडून पुन्हा पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. ही पायरी गाळावीशी वाटते, पण गाळू नका, फुगण्यात फरक दिसतो.

मग वरून दूध लावा. अंडं चालत असेल तर फेटलेल्या अंड्याने रंग जास्त चांगला येतो. हळदीकुंकवासाठी करत असाल तर दूधच बरं. ते कापलेल्या कडांवर ओघळू देऊ नका, थर चिकटतात. वीस ते पंचवीस मिनिटं भाजा आणि पहिली पंधरा मिनिटं दार उघडू नका. वर रंग आला म्हणजे झालं, असं नाही. एक पॅटिस उलटून बघा. तळ बदामी आणि कोरडा दिसला पाहिजे. तो फिका असेल तर 180 अंशांवर आणखी पाच मिनिटं द्या.

उरलेल्या पट्ट्या गोळा करून मळू नका, थर मोडतात. त्यांना दूध लावून ओवा, तीळ आणि किंचित मीठ भुरभुरा, पीळ द्या आणि बारा-पंधरा मिनिटं भाजा. चहाबरोबर या काड्या पॅटिसच्या आधी संपतात. मेतकूट लावायचं असेल तर पट्टी दुमडून आतल्या बाजूला लावा, उघड्यावर ते करपतं.

पाहुणे संध्याकाळी येणार असतील तर भरलेले कच्चे पॅटिस फ्रीझरमध्ये ठेवा आणि आयत्या वेळी तसेच गोठलेले ओव्हनमध्ये घाला. पाच-सात मिनिटं जास्त लागतात. भाजलेले उरले तर गार झाल्यावर डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्येच गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये ते मऊ पडतात.