वेताळ टेकडीसाठी सिंगल-स्पीड एमटीबी: पुढे किती दाते, मागे किती?

सिंगल-स्पीड, म्हणजे एकच गियर असलेली एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) घेताना, किंवा घरातली गियरची सायकल सिंगल करून घेताना, बहुतेक जण रस्त्यावर एक चक्कर मारतात आणि तिथेच गियर ठरवतात. मग पुण्यात पौड रोडवर छान पळणारी सायकल वेताळ टेकडीच्या चढावर निम्म्यात अडकते. गियर चढावर ठरवायचा असतो. दर आठवड्याला जो चढ तुम्ही करता, त्यातला सगळ्यात वाईट शंभर मीटरांचा तुकडा धरा. तो पेडलवर उभं राहून, पाय न टेकता निघाला पाहिजे. सपाटीवर पाय भराभर फिरतील, ते फिरू द्या.

हिशेब सोपा आहे: पुढच्या चेनरिंगचे (पेडलजवळच्या दातेरी चक्राचे) दाते भागिले मागच्या कॉगचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे) दाते. ३२:१६ म्हणजे २, म्हणजे पेडलच्या एका फेरीत मागचं चाक दोनदा फिरतं. २६ इंची चाकांच्या काळात हे दोनाचं प्रमाण रूढ झालं आणि आजही २९ इंचीसाठी तेच सांगितलं जातं. घोळ इथेच होतो. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, म्हणून तेच दाते त्याच्यावर जड पडतात.

आपल्या चाकाचं अंतर स्वतः मोजा. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, टायरवर आणि खाली फरशीवर खडूने खूण करा, सायकलवर बसून चाकाची बरोबर एक फेरी पुढे जा आणि टेपने मोजा. २६ × २.१ चा टायर साधारण २.०६ मीटर भरतो, २७.५ × २.२ चा २.१७ आणि २९ × २.२ चा २.२८. या आकड्याला दात्यांच्या प्रमाणाने गुणलं की पेडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते कळतं. गियरची तुलना याच आकड्यावर करा, नुसत्या दात्यांवर नको.

२६ इंचीवर ३२:१६ म्हणजे ४.१२ मीटर. २९ इंचीवर तेच दाते ४.५६ मीटर देतात, आणि ते टेकडीसाठी फार जड आहे. २९ वर ३२:१८ लावलं की ४.०५, ३२:२० ला ३.६५, ३२:२२ ला ३.३२.

पुण्यात २९ इंची सायकलवर सुरुवात करणाऱ्याने ३२:२० घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाषाण-बावधनकडचे रस्ते जास्त आणि टेकडी कमी असेल, तर ३२:१८. सिंहगडाचा घाट न उतरता चढायचा असेल, तर ३२:२२ ची लाज बाळगू नका. तो चढ लांब आहे, आणि सतत उभं राहून मांड्या भरून येतात. पावसाळ्यात चिखल टायरला धरतो, तेव्हा मागे एक दाता वाढवला तर बरं पडतं.

हलका गियर घेतला की सपाटीवर मागे पडू, ही भीती आकड्यांत टिकत नाही. मिनिटाला ९० फेऱ्यांना ३२:१८ ताशी साधारण २२ किलोमीटर देतो, ३२:२० साधारण २० देतो. या दोन किलोमीटरच्या बदल्यात चढावर काय मिळतं ते पाहा. सिंगल-स्पीडवर पाय हळू करायला एक मर्यादा असते. मिनिटाला ४० फेऱ्यांच्या खाली गेलं, की एक पेडल वर, एक खाली अशा जागी सायकल अडकते. म्हणजे ३२:२० वरही ताशी जवळपास ९ किलोमीटरचा वेग राखावाच लागतो. दहा टक्के चढावर, माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर खडबडीत वाटेवर त्याला सुमारे २४० वॅट लागतात. ३२:१८ ला तेच २७० वॅटवर जातं. हा फरक पहिल्या मिनिटात कळत नाही, तिसऱ्या मिनिटात कळतो.

मुरमावर आणखी एक अडचण आहे. गियर जड असला की प्रत्येक पेडलला झटका बसतो. मागच्या टायरखालून खडे उडाल्याचा ‘खर्र’ आवाज येतो, पायाखालचं पेडल एकदम रिकामं होतं आणि सायकल जागच्या जागी थांबते. उभं राहताना कंबर सीटच्या टोकाच्या पुढे जाऊ देऊ नका, कोपरं वाकलेली ठेवा.

काही विकत घेण्याआधी गियरच्या सायकलवर चाचणी करा. पुढे तीन चेनरिंग असतील, तर मधली बहुधा ३२ ची असते. मागे नऊ स्पीडच्या ११–३४ कॅसेटवर (कॉगच्या संचावर) १७, २० आणि २३ दात्यांचे कॉग मिळतात. एक कॉग निवडा आणि घरापासून टेकडीवर जाऊन परत येईपर्यंत गियर बदलायचाच नाही. तीन वेगळ्या दिवशी तीन कॉग. दाते मोजून खात्री करा, अंदाज नको.

बसवताना कॅसेटमधला सुटा कॉग वापरू नका. त्याचे दाते चेन सहज सरकावी म्हणून कापलेले असतात, त्यामुळे खड्ड्यात चेन उतरते. सिंगल-स्पीडचा पूर्ण दात्यांचा, रुंद बुडाचा कॉग घ्या; पातळ पत्र्याचा कॉग अॅल्युमिनियमच्या फ्रीहबमध्ये (मागच्या हबच्या ज्या भागावर कॉग बसतो त्यात) रुततो आणि नंतर निघता निघत नाही. सोबत स्पेसरचा (कॉगच्या बाजूला बसणाऱ्या रिंगांचा) संच, लॉकरिंग (कॉग आवळून धरणारी रिंग) आणि आठ स्पीडची चेन. पुढच्या जादा चेनरिंग काढल्या की आखूड बोल्ट लागतात, जुने घट्ट बसत नाहीत. स्पेसर मागेपुढे करून मागचा कॉग पुढच्या चेनरिंगच्या सरळ रेषेत आणा. सरळ पट्टी लावली तर फरक एक-दोन मिलिमीटरच्या आत हवा.

ड्रॉपआउट, म्हणजे मागच्या चाकाचा एक्सल (आस) बसायच्या फ्रेममधल्या खाचा, आडवे असतील, तर एक दाता वाढला की एक्सल साधारण ३ मिलिमीटर पुढे घ्यावा लागतो. म्हणून १८ आणि २० हे दोन्ही कॉग बहुधा त्याच चेनवर चालतात. उभे ड्रॉपआउट असतील तर टेन्शनर (चेन ताणून धरणारा जोड) लागेल. चेनला खालून वर ढकलणारा घ्या, त्याने मागच्या कॉगवर चेनची पकड जास्त राहते.

चेन मधोमध बोटाने वर-खाली केली तर एकूण १० ते १२ मिलिमीटर हलली पाहिजे. चेनरिंग अगदी गोल क्वचितच असते, म्हणून क्रँक (पेडलचा दांडा) पूर्ण फिरवून जिथे चेन सगळ्यात ताणली जाते तिथे मोजा. त्याहून घट्ट केली तर बॉटम ब्रॅकेट (क्रँक फिरतात तो फ्रेममधला भाग) आणि हबच्या बेअरिंग लवकर जातात. चढावर जोर लावल्यावर चाक डावीकडे फ्रेमला घासायला लागलं, तर उजव्या बाजूचा एक्सल पुढे ओढला गेला आहे. नट कसा, नाहीतर चेन-टग (एक्सल मागे धरून ठेवणारा तुकडा) बसवा. पहिल्या दोन राइडनंतर लॉकरिंग आणि चेनचा ताण पुन्हा तपासा, कारण नवी चेन आणि नवा कॉग बसताना थोडी ढिलाई येतेच.