स्कीइंगला निघालात? कपड्यांच्या या चुका टाळा

गुलमर्गच्या पहिल्याच दुपारी मी उजवा हातमोजा काढून पिळला. कपभर नाही, पण बशीभर पाणी नक्की निघालं असेल. मुंबईत दुकानदाराने "मॅडम, एकदम वॉटरप्रूफ" म्हणत गळ्यात मारलेली जोडी होती ती. आमच्या प्रशिक्षकाने मोजा हातात घेतला, आत दोन बोटं घालून चाचपला आणि विचारलं, "पसीना है या बरफ?"

मला सांगता येईना. तोवर मी फक्त "थंडी किती असेल" एवढाच विचार केला होता. १७ अंशांवर कपाटातून स्वेटर काढणारी माणसं आपण, त्यामुळे आपली सगळी खरेदी थंडीला घाबरून होते. पण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. जाडजूड पण ओल्या मोज्यापेक्षा पातळ आणि कोरडा मोजा बरा. खरं तर ओल कशी आत शिरते हे मुंबईकराला शिकवायला नको. तेच ज्ञान बर्फात वापरायचं आपल्याला सुचत नाही, इतकंच.

लेबलवरचा एक शब्द वाचून खरेदी करणं

'वॉटर रेपेलंट' म्हणजे कापडावरून थेंब ओघळतात, तेही थोडा वेळ. 'वॉटरप्रूफ' म्हणजे आत पाणी अडवणारा थर आहे. तो किती दाब सोसतो हे मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. १०,००० म्हणजे कापडावर १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते झिरपू देत नाही. स्कीइंगसाठी मी याच्या खाली जाणार नाही. आकडा एवढा मोठा का, तर तुम्ही बर्फावर नुसते उभे नसता. पडता, गुडघे टेकता, हात रोवून उठता. अंगाचं वजन पडलं की वितळलेल्या बर्फाचं पाणी कापडात घुसतं. म्हणून जॅकेटपेक्षा पॅन्टचा आकडा जास्त मनावर घ्या, लोक नेमकं उलट करतात.

दुसरा आकडा ग्रॅममध्ये असतो: एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर पडते तो. हा आकडा म्हणजे रेनकोट आणि स्की जॅकेट यांतला फरक. जुलैत रेनकोट घालून स्टेशनपर्यंत चालत गेल्यावर शर्टाची जी अवस्था होते, तीच बर्फात साध्या प्लास्टिकच्या कोटाखाली होते. शिकाऊ माणसाला तर घाम जास्तच. पहिले दोन दिवस स्की पायात अडकवून आडव्या पावलांनी उतार चढायचा आणि घसरत खाली यायचं, पुन्हा चढायचं. सरावलेले लोक गोंडोलात, म्हणजे तारेवरून वर जाणाऱ्या डब्यात, बसून गारठतात, आपण चढताना भिजतो. काखेखाली चेन असलेलं जॅकेट मिळालं तर घ्याच, चढताना ती उघडायची.

शिवणीही बघा. जॅकेट उलटं करा. प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली हवी. काही जॅकेट्सवर ती फक्त खांद्यावर आणि टोपीवर असते.

हातमोजे दुकानाच्या एसीत घालून बघणं

एसीत सगळेच मोजे उबदार वाटतात. तिथे ऊब तपासायची नाही, माप तपासायचं. मूठ वळल्यावर बोटाच्या टोकाशी थोडीशी जागा उरायला हवी. टोक टेकलं तर रक्त नीट फिरत नाही आणि आत कितीही भरण असलं तरी बोटं गारच राहतात. मोजे घालून जॅकेटची चेन ओढा, बॅगेचं बकल लावा, छत्रीची मूठ पकडा. मी आता घरी लाटणं पकडून बघते. स्कीच्या काठीची पकड जवळपास तशीच असते. घरचे हसतात, हसू देत.

एक चाचणी कोणी सांगत नाही. हात ओला करून मोजा घाला आणि झटकन काढा. अस्तर बोटांबरोबर बाहेर आलं तर तो मोजा घेऊ नका. बर्फात, घामेजल्या हाताने, ते अस्तर परत पाच बोटांत बसवणं म्हणजे उशीच्या अभ्र्यात हत्ती कोंबणं.

पाच बोटांचे की एकाच पिशवीचे? एका पिशवीत चारही बोटं एकमेकांची ऊब वापरतात, त्यामुळे ते नक्कीच जास्त गरम. पण बकल लावताना फजिती होते. ज्यांची बोटं फ्रिजमधलं दूध काढतानाही पांढरी पडतात त्यांनी पिशवीच घ्यावी; बाकीच्यांना पाच बोटं आणि आत पातळ लोकरीचा मोजा पुरतो. आतला मोजा वेगळा असण्याचा फायदा म्हणजे फोटो काढताना हात उघडा पडत नाही. आपण मुंबईहून गेलेले लोक दर पाच मिनिटांनी मोबाइल काढतो, हे मान्य करूनच खरेदी करा. मनगटाला अडकवायची दोरी असलेला मोजा घ्या, नाहीतर एखादा गोंडोलातून खाली जातो. आमच्यातल्या एकाचा गेला.

मोजा आतून ओला झाला की थेट "गळतोय" म्हणणं

आता प्रशिक्षकाच्या प्रश्नाकडे. ओल कुठे आहे ते बघा, उत्तर तिथेच सापडतं.

फक्त बोटांची टोकं किंवा अंगठ्याची खाच ओली असेल तर बहुधा शिवण गळतेय. मनगट ओलं असेल तर बर्फ बाहीच्या फटीतून शिरलाय. लांब मनगटाचा मोजा बाहीवरून चढवून दोरी आवळायची, आखूड असेल तर बाही त्याच्यावरून घेऊन वेलक्रो घट्ट करायचा. पूर्ण तळवा सारखाच दमट आणि कोमट असेल तर तो घाम. तेव्हा जाड मोजा घेणं म्हणजे आगीत तेल. चढताना नुसता आतला पातळ मोजा ठेवा, वर पोचल्यावर बाहेरचा घाला.

आणि बाहेरचं कापड ओलंचिंब होऊन जड झालं, पण हात कोरडा आहे? मग मोजा आपलं काम करतोय. पाणी अडवणारा थर बहुतेक वेळा बाहेरच्या कापडाच्या आत, पिशवीसारखा बसवलेला असतो. फक्त ओलं कापड हाताला गार करतं, म्हणून त्याच्यावरचा पाणी झटकणारा लेप टिकवायला हवा.

घरची चाचणी: प्रत्येक बोटाच्या टोकाला टिश्यू पेपर गुंडाळा, मोजा चढवा, हात मनगटापर्यंत बादलीत बुडवून पाच मिनिटं मूठ उघडमीट करा. कोणत्या बोटाचा टिश्यू भिजला ते लगेच कळतं. मात्र हे निघायच्या आठवडाभर आधी करा. आपल्याकडच्या हवेत स्कीचा मोजा वाळायला दोन दिवस सहज लागतात.

जीन्स

नको. सुती टी-शर्टही नको. सुती कापड पाणी पितं आणि सोडत नाही. संध्याकाळी जीन्स बाजरीच्या शिळ्या भाकरीसारखी ताठ होते. अंगाला लागून पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस, त्यावर वॉटरप्रूफ जॅकेट. पिसांचं फुगीर जॅकेट फोटोत छान दिसतं, पण भिजलं की पिसं चिकटून बसतात आणि ऊब जाते. ते संध्याकाळी फिरायला ठेवा.

पायात दोन-दोन मोजे

आईचा सल्ला, मीही ऐकला. स्की बूट आधीच आवळलेला असतो. दोन मोज्यांनी रक्त अडतं आणि पाय आणखी गार पडतो. गुडघ्यापर्यंतचा एकच पातळ मोजा घाला, सुरकुती न ठेवता. थर्मलचा पाय बुटात खोचू नका, तो बुटाच्या वरच संपायला हवा. पॅन्टला आतून जी लवचिक कड असते ती बुटावरून खाली ओढायची, बुटात कोंबायची नाही.

सगळं भाड्याने घेऊ म्हणणं

गुलमर्गला जाताना टंगमर्गच्या रस्त्याला कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात, ते बर्फात फिरणाऱ्या पर्यटकांसाठी. स्कीइंगला त्यांचा उपयोग नाही. स्की, बूट, काठ्या तिथेच भाड्याने घ्या. जॅकेट ओळखीच्या ट्रेकरकडून उसनं घ्या, वर्षातून एक आठवडा वापरायची वस्तू ती. हातमोजे मात्र स्वतःचेच. भाड्याचा मोजा कालच्या माणसाच्या घामाने अजून ओला असतो, आणि तो वासावरूनही कळतो.

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर ३,९०० मीटरच्याही वर सोडतो. दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश धरले तर वर आठेक अंशांनी जास्त गार, शिवाय वारा. खाली पुरलेले मोजे वर पुरतील असं धरून चालू नका. बोट पांढरं पडून बधिर झालं तर चोळू नका, बर्फाने तर नाहीच. काखेत धरा, आत जा. संवेदना परतली नाही तर डॉक्टर.

बुखारीजवळ वाळत घालणं

ही माझी सगळ्यात महागडी चूक. ओले मोजे हॉटेलच्या बुखारीला, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीला, जवळजवळ टेकवून झोपले. सकाळी तळव्याचं चामडं कडक, रेषारेषांनी तडकलेलं, आणि एका बोटाची आतली पिशवी सुटलेली. मोजे हातभर लांब, तोंड वर करून, आत वर्तमानपत्राचा बोळा घालून ठेवायचे. बोळा झोपण्यापूर्वी एकदा बदलायचा.

परतल्यावर माळ्यावर टाकणं

धुताना कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका, त्याचा थर बसून कापड पाणी धरू लागतं. सौम्य साबण वापरा आणि भरपूर पाण्यात खळबळा. लेबलवर परवानगी असेल तर कोमट इस्त्री, मध्ये सुती कापड धरून. उष्णतेने तो पाणी झटकणारा लेप पुन्हा कामाला लागतो.

मग आपला पावसाळा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवलेल्या माझ्या जुन्या पॅन्टचा आतला लेप दोन पावसाळ्यांत उन्हाने भाजलेल्या कातडीसारखा सोलून निघाला. दमट हवेत पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा लेप हळूहळू खराब होऊन सुटतो, आणि चामड्यावर बुरशी चढते ती वेगळीच. आता सगळं हँगरवर, उघड्या हवेच्या कपाटात, खिशांत सिलिका जेलच्या पुड्या. दिवाळीच्या साफसफाईत बाहेर काढते आणि बाहीवर चमचाभर पाणी टाकते. थेंब गोल होऊन घरंगळला तर ठीक. कापड काळवंडून पाणी पसरलं, तर लेप पुन्हा मारायचा स्प्रे आणायला जानेवारीपर्यंत वेळ असतो.