ज्यूद्वेषी भाषेविरुद्ध समाजमाध्यमांवर मोहीम कशी चालवावी

मराठी ग्रुपांवर दिसणारा ज्यूद्वेष बहुतेक वेळा फॉरवर्डमधून आलेला असतो. 'हिटलर बरोबरच होता' असं लिहून मोकळा होणारा माणूस आपण कधी ज्यूला भेटलोच नाही असं समजतो. शाळेत शेजारच्या बाकावर बसणारा पेणकर किंवा दिवेकर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, असू शकतो, हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. मोहीम अशा माणसासाठी करायची. कट्टर द्वेष्ट्याशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका.

आधी एकच विषय निवडा. हिटलरचं कौतुक, 'मूठभर ज्यू जग चालवतात' हा कटाचा सिद्धांत, ज्यूंचा नरसंहार (होलोकॉस्ट) झालाच नाही हा दावा, असे बरेच प्रकार आहेत. सगळ्यांना एकदम हात घातला तर एकही धड होत नाही. मी सुरुवात हिटलरच्या नावावर खपवलेल्या त्या वाक्यापासून करीन: काही ज्यूंना आपण मुद्दाम जिवंत सोडलं, म्हणजे बाकीच्यांना का मारलं ते जगाला कळेल. गाझात काही घडलं की हे हमखास वर येतं.

पहिली पोस्ट टाकण्यापूर्वी थोडे दिवस नुसतं वाचा. मजकूर कोणत्या शब्दांत फिरतोय, त्याखाली लोक काय लिहितात, ते टिपून ठेवा. नावं आणि नंबर झाका. 'हे खरं आहे का?' असं विचारणारा एखादा तरी सापडतो. तुमचा वाचक तोच.

मग ज्यू समाजातल्या माणसांशी बोला. मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग इथं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, आहेत. 2008 साली मुंबईत नरीमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, तेव्हापासून सुरक्षिततेची काळजी खरी आहे. म्हणून कुणाच्या घराचा फोटो, प्रार्थनेच्या वेळा, कुटुंबाची नावं परवानगीशिवाय टाकायची नाहीत. अलिबागची इस्रायल आळी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' हे पडलेलं नाव, अशा गोष्टी त्यांच्याकडूनच ऐका आणि त्यांना दाखवूनच छापा.

पोस्ट लिहिताना खरी गोष्ट आधी येऊ द्या. खोटं फक्त एकदा, आपल्या शब्दांत, मध्ये. शेवटी पुन्हा पुरावा. उदाहरणार्थ:

«नाझी राजवटीनं आणि तिच्या साथीदारांनी सुमारे 60 लाख ज्यूंना मारलं. त्यात सुमारे 15 लाख मुलं होती. 'काही जणांना मुद्दाम सोडलं' हे हिटलरच्या नावावरचं वाक्य त्याच्या कोणत्याही भाषणात किंवा लिखाणात सापडत नाही. सोडायचा बेतच नव्हता. 20 जानेवारी 1942 रोजी बर्लिनच्या वान्झे उपनगरात ज्यूंच्या संहाराची आखणी करायला भरलेल्या नाझी अधिकाऱ्यांच्या बैठकीसाठी युरोपातल्या ज्यूंची देशवार यादी केली होती. एकूण आकडा 1 कोटी 10 लाखांहून जास्त. अल्बानियातले 200 जणही त्यात मोजलेले होते.»

ते 200 लोकांच्या लक्षात राहतात. एवढ्याशा वस्तीलाही वगळलं नव्हतं हे कळलं, की 'सोडलं' या शब्दातला खोटेपणा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

चित्र म्हणून हिटलरचा फोटो लावू नका. फोनवर नजर आधी फोटोवर जाते आणि तुमच्याच पोस्टमधून त्याची जाहिरात होते. वान्झेच्या यादीचं पान लावा. मूळ फॉरवर्डचा स्क्रीनशॉट दाखवायचाच असेल तर 'खोटं' हा शब्द मजकुरावर आडवा लिहा. कोपऱ्यात लिहिलात तर कुणीतरी तो कापून पुन्हा फिरवेल.

पुढच्या महिन्यात कटाचा सिद्धांत घेतलात, तर 'प्रोटोकॉल्स'पासून, म्हणजे ज्यूंचा जग ताब्यात घ्यायचा गुप्त बेत म्हणून खपवलेल्या मजकुरापासून, सुरुवात करा. 1903 साली रशियात छापलेला हा मजकूर चोरलेला आणि बनावट असल्याचं लंडनच्या 'टाइम्स'नं 1921 मध्येच दाखवलं होतं.

ग्रुपवर कुणाला उघडं पाडू नका. खासगीत लिहा:

«काका, सकाळचा हिटलरचा मेसेज तपासला. तसं तो कुठंच म्हणालेला नाही. ग्रुपवर काही लिहिलं नाही, आधी तुम्हालाच सांगतोय. तुम्हीच काढलात तर बरं होईल.»

हे त्याच दिवशी करा. व्हॉट्सॲपवर 'सर्वांसाठी डिलीट' करायला दोन-अडीच दिवसच मिळतात. बोलण्यानं काम होतं. 2006 साली खारघरमध्ये हिटलरच्या नावाचं उपाहारगृह निघालं होतं. मुंबईच्या ज्यू समाजानं विरोध केला, मालकाची भेट घेतली आणि नाव बदललं गेलं.

कमेंटमध्ये गाझा येणारच, तेव्हा नियम आधीच ठरवून वर लावा. इस्रायल सरकारच्या धोरणावर टीका राहील. 'सगळे ज्यू असेच' हे जाईल. आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण आघाडीच्या 2016 च्या व्याख्येतही म्हटलं आहे, की इतर कोणत्याही देशावर होते तशी टीका ज्यूद्वेष ठरत नाही. आणि ज्यूंची बाजू घेण्याच्या नावाखाली कुणी मुसलमानांना शिव्या घालू लागला, तर ती कमेंटही तितक्याच तत्परतेनं काढा. आपल्याकडे हे फार होतं, आणि इथं डोळेझाक केलीत तर मोहीम तिथंच संपली.

धमकी आली तर वाद नको. लिंकसकट स्क्रीनशॉट घ्या, मग रिपोर्ट करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा.

27 जानेवारी हा आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मृतिदिन. त्यासाठीचा मजकूर डिसेंबरातच तयार ठेवा. हिशेब लाइकचा नको. किती जणांनी मेसेज मागे घेतला आणि 'हे मला पाठव, आमच्याही ग्रुपवर टाकतो' असं किती जण म्हणाले, तेवढंच वहीत लिहीत चला.