जुन्या फोर-बाय-फोरचं स्टिअरिंग खोलण्याआधी

सरळ रस्त्यावरही गाडी भरकटते, स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी चाकांना पत्ता नसतो, एखादा खड्डा लागला की सगळं पुढचं धूड थरथरायला लागतं. अशा वेळी बहुतेक जण आधी नवा स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) आणतात. तो यादीत शेवटी टाका. डँपर प्ले, म्हणजे सांध्यांतला सैलपणा, घालवत नाही, दाबून ठेवतो. झिजलेला सांधा आत झिजतच राहतो.

पहिलं काम, एकही नट न उघडता प्ले नेमका कुठे आहे ते शोधणं. त्याआधी टायर बघून घ्या, कारण हवेचा कमी-जास्त दाब, वेडीवाकडी झीज आणि बिघडलेलं बॅलन्सिंग हीच लक्षणं दाखवतात. मग गाडी चाकांवरच उभी असताना एकाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवत बसवा (पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून) आणि तुम्ही खालून एकेक सांधा हाताने चाचपत जा: कॉलमचा जॉइंट, पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्सला लावलेला आर्म), ड्रॅग लिंक (त्यापासून चाकाकडे जाणारा दांडा), टाय रॉडची (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत पॅनहार्ड रॉडचे (अ‍ॅक्सल आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुशही बघा. ते गेले असतील तर चाकं वळण्याऐवजी अख्खा अ‍ॅक्सल आडवा सरकताना दिसतो. पाटे असतील तर शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बुश. स्टिअरिंग बॉक्स चासीला जिथे बसतो तिथली माती खरवडून बोल्ट सैल आहेत का, पत्र्याला तडा आहे का ते पाहा. तडा सापडला तर बाकीची यादी बाजूला ठेवून आधी वेल्डरला गाठा.

आता पुढची बाजू जॅकवर घ्या. चाक वर-खाली धरून हलवलं आणि प्ले जाणवला, तर दोष बेअरिंगचा किंवा किंगपिनचा (ज्या खिळ्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं त्याचा). दोन्हींतला नेमका कोणाचा, हे कळायला कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. प्ले नाहीसा झाला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. सापडलेलं सगळं कागदावर लिहा, डावं-उजवं वेगळं. स्टिअरिंग बॉक्सवरच्या अ‍ॅडजस्टिंग स्क्रूला या टप्प्यावर हात लावू नका. बॉक्स मधोमध जास्त झिजतो. मधला प्ले मारायला स्क्रू आवळत गेलात तर वळणावर तो जड होतो आणि स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासं होतं.

सुटे भाग मागवताना फक्त मॉडेल आणि वर्षावर विसंबू नका. जुन्या गाडीचा अ‍ॅक्सल मधल्या कुठल्या तरी मालकाने बदललेला असू शकतो, म्हणून टेपर (सांध्याच्या खिळ्याचा उतार) आणि आटे मोजून घ्या. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात हेही लक्षात असू द्या. एका बाजूचंच किंगपिन बेअरिंग गेलेलं असलं तरी जोडी मागवा. नकल (अ‍ॅक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) उघडणारच आहात तर आतलं अ‍ॅक्सल सील यादीत हवंच. नकलमधलं ग्रीस पातळ, काळपट झालेलं दिसलं तर गिअर ऑइल आत येतंय असं समजा. पाटे उतरवणार असाल तर यू-बोल्ट नवे घ्या, कारण जुने एकदा ताणले गेलेले असतात. स्प्लिट पिन तर जुन्या वापरायच्याच नाहीत. बुश रबराचे घ्यायचे की पॉलियुरेथेनचे, यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. रोज चालणाऱ्या गाडीला मी रबरच लावीन.

गंजलेल्या नटांवर पेनिट्रेटिंग ऑइल आदल्या दिवसापासून मारत राहा. अवजारांत पुलर, टॉर्क रेंच, दोन दणकट हातोडे आणि एक स्प्रिंगचा काटा ठेवा. किंगपिनचा प्रीलोड (बेअरिंग किती घट्ट बसलंय ते) नकल ओढून या काट्यावर मोजायचा असतो आणि तो शिम (पातळ चकत्या) घालून-काढून जुळवायचा असतो. त्यासाठी शिमच्या चार पिशव्या तयार ठेवा: डावी वरची, डावी खालची, तशाच उजव्या. दुबेळकं फोर्क हे अवजार ठोकून सांधा सोडवला तर त्याचं रबरी बूट फाटतं, त्यामुळे तो फक्त फेकून द्यायच्या सांध्याला वापरा. टाय रॉड काढण्याआधी दोन्ही टोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजून लिहा, नाहीतर जोडल्यावर गाडी अलाइनमेंटपर्यंत नेणंही अवघड.

मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा आणि चासी स्टँडवर टेकवा. हँडब्रेकच्या भरवशावर राहू नका: अनेक जुन्या फोर-बाय-फोरमध्ये तो ट्रान्सफर केसमागच्या शाफ्टवर काम करतो, आणि मागचं एक चाक उचललं गेलं तर डिफरेन्शियलमुळे गाडी सरकू शकते. ब्रेक कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी) असेल तर बोल्ट सोडण्याआधी त्याची स्थिती खुणेने टिपून घ्या आणि मॅन्युअल वाचल्याशिवाय तो सैल करू नका.

जोडणीसाठी टॉर्कचे आकडे मॅन्युअलमधून आधीच उतरवून भिंतीवर लावा. रबरी बुशचे बोल्ट आधी हलकेच लावायचे आणि गाडी चाकांवर उतरवल्यावरच पूर्ण आवळायचे; हवेत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. खाचांच्या नटात पिन बसत नसेल तर नट आणखी आवळा, सैल करू नका. अलाइनमेंटची वेळ काम सुरू करण्याआधीच ठरवून ठेवा, आणि थोडी गाडी चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे आहेत, हेही त्याच कागदावर लिहा.